गुन्ह्यांचे तक्ते आणि गडचिंचले

गुन्हेगारी वाढली की घटली, असा प्रश्न उपस्थित झाला की शासन एक तक्ता पुढे करते. डहाणू-तलासरीच्या बाबतीत तो तक्ता कोणत्या हद्दीचा आहे, हे आधी विचारणे भाग आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले आणि वसई-विरारची दाट वस्ती जिल्हा पोलिसांच्या कक्षेबाहेर गेली. या फेरबदलापूर्वीचे आणि नंतरचे पोलीस आकडे शेजारी मांडून जो कोणी शांतता वाढल्याची ग्वाही देतो, तो दोन निरनिराळ्या मुलखांची तुलना करीत असतो.

लहान जागेचे आकडे तसेही फसवेच. अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या शहरात वर्षाला दोन खून होत असतील आणि तिसरा झाला, तर तेथील वृत्तपत्रे पन्नास टक्के वाढ म्हणून मथळा देतात. डहाणू तालुक्यात तर एकाच रात्री तीन खून झाले.

ती रात्र १६ एप्रिल २०२० ची. टाळेबंदी लागू होती. मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीतील गडचिंचले येथे जमावाच्या हाती सापडले आणि पोलिसांच्या देखत ठार मारले गेले. चोर येतात, मुले पळवतात, अवयव काढून नेतात, अशा वावड्या त्या पट्ट्यात अगोदरपासून उठल्या होत्या. गावोगाव रात्रीचे पहारे बसले होते. त्याच भागात आदिवासींची सेवा करणाऱ्या एका डॉक्टरवर दोनच दिवस आधी हल्ला झालेला होता. म्हणजे इशारा मिळाला होता. तो ऐकणारी यंत्रणा जागेवर नव्हती.

मागाहून मात्र सर्वांनाच जाग आली. शंभरावर माणसे पकडली गेली, त्यांत अल्पवयीन मुलेही होती. काही पोलीस बडतर्फ झाले. शहरातील वृत्तवाहिन्यांनी या हत्येला धर्मद्वेषाचा रंग फासण्याची घाई केली आणि अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही, हे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्याच्या विशेष न्यायालयाने ८९ आरोपींना जामीन दिला. तोवर नऊ महिने उलटले होते. निरपराध प्रवाशांच्या हत्येला क्षमा असू शकत नाही, आणि आदिवासींविषयीच्या आस्थेपोटी तिच्यावर पांघरूण घालणे ही त्यांचीच वंचना ठरेल. परंतु संपूर्ण पाडेच्या पाडे धरून नेल्याने खरा मारेकरी सापडतो, हेही कोणी समजू नये.

या मुलखाला अफवेची किंमत ठाऊक आहे. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारी व लग्नगडीपणाविरुद्ध उठले, तेव्हा १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे बाईंच्या जिवाला धोका असल्याची खोटी बातमी पसरवून हजारोंना गोळा करण्यात आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. पाच वारली ठार झाले. सरकारदप्तरी त्या वेळी गुन्हेगार कोण ठरले, ते सांगावयास नको. जमीनदाराने रचलेले कारस्थान आणि टाळेबंदीतली भीती यांत अंतर आहे, हे मान्य. पण दोन्ही वेळा खऱ्या बातमीचा मार्ग पाड्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. १९४५ साली तेथे संघटना होती, म्हणून लढा मोडला नाही. २०२० साली जेथे ती क्षीण झाली होती, तेथे अफवेला अडविणारे कोणी उरले नव्हते. कार्यकर्त्यांना हे बोचावे.

गडचिंचले ही एकटीदुकटी घटनाही नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी याच मुले पळविण्याच्या अफवेने ठेचले गेले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचे व अफवांवर लक्ष ठेवण्याचे आदेश दिले. एप्रिल २०२० मध्ये ते आदेश कासा परिसरात कोठे होते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने झुंडबळींची माहिती जमविली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून ती वगळली. पुढे संसदेत ती अविश्वसनीय असल्याचे कारण देण्यात आले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जमावहत्येचे स्वतंत्र कलम आले खरे, पण त्यात वंश, जात, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशी कारणे मोजली आहेत. चोर समजून मारलेला परका माणूस त्यात बसवायचा तर वकिलाला ‘तत्सम कारण’ या शब्दांना लोंबकळावे लागेल.

आता नजर वरोरकडे वळवावी. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालेल्या वाढवण बंदराला वरोर व आसपासच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला. बंदराबरोबर परगावचे मजूर येणार, रात्रीच्या गाड्या येणार, अनोळखी चेहरे येणार. ज्यांचा समुद्र व जमीन हातची चालली आहे त्यांच्या मनातील संशय कोणावरही वळविता येतो, आणि तो भुकेल्या परप्रांतीय मजुरावर वळविणे ठेकेदारालाही सोयीचे असते. दुसरीकडे, राष्ट्रीय तक्त्यात ‘दंगा’ हाही हिंसक गुन्हाच मोजला जातो. विरोधास उभ्या राहिलेल्या कोळणींवर ते कलम लागले, तर त्याच तक्त्यात त्या दरोडेखोरांच्या रांगेत जाऊन बसतील.

म्हणून पोलीस ठाणेवार आकडे दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवले जावेत, आंदोलनाचे गुन्हे वेगळे दाखविले जावेत आणि झुंडबळींचा स्वतंत्र रकाना उघडला जावा, ही मागणी डहाणू व तलासरीच्या तहसील कचेऱ्यांवर नेली पाहिजे. आणि पाड्यावर अफवा पोहोचण्याआधी संघटनेचा माणूस पोहोचेल, अशी व्यवस्था बंदराचे ट्रक धावू लागण्यापूर्वी उभी झाली पाहिजे.