नोकरी सौंदर्यप्रसाधनांच्या एजन्सीत

प्रसाधनांच्या मोठ्या दुकानात शिरलं, की टापटीप पोशाखातली एखादी मुलगी हसतमुखानं पुढं येते. हातावर लिपस्टिकची रेघ ओढून दाखवते आणि "ताई, तुम्हाला हा रंग खुलेल," म्हणते. ती दुकानातलीच नोकर, असं आपण धरून चालतो. पण पुष्कळदा तसं नसतं बरं का! तिचा पगार वितरकाकडून होतो, म्हणजे कंपनीचा माल दुकानादुकानांत पुरवणाऱ्या एजन्सीकडून, नाहीतर एखाद्या कंत्राटदाराकडून. लेकीनं किंवा धाकट्या जावेनं अशा नोकरीचं नाव काढलं, तर त्यातलं बरंवाईट आपल्याला ठाऊक हवं.

आधी चांगलं सांगते. मुलींना सगळ्यांत आवडतं ते शिकायला मिळणं. त्वचा तेलकट की कोरडी हे ओळखणं, वर्णाला रंग जुळवणं, अनोळखी गिऱ्हाइकाशी न बुजता बोलणं, हे सारं काम करता करता येतं. मालावर सवलत मिळाली, तर तेही सुख. कचेरीत बसणारीच्या हाताखालून बिलं, जीएसटी, साठ्याचा हिशेब जातो. मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर काढायचा, ही शिस्त अंगवळणी पडते. पुढं स्वतःचं पार्लर वा छोटं दुकान काढलं, तर ही शिदोरी कामी येते.

आता नावडतं. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात. दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय द्यावी, असा बदल केरळनं 2018 मध्ये आणि तामिळनाडूनं 2021 मध्ये कायद्यात केला. यावरूनच दुखणं किती खरं, ते कळावं. दिवाळीत, लग्नसराईत घरी माणसं जमतात, तेव्हा हिला रजा मिळणं कठीण. आणि डोक्यावर 'टार्गेट'! पाऊस लागला, मागणीचा रंगच कंपनीकडून आला नाही, तरी आकडा तोच. मग गिऱ्हाइकाला नको असलेली बाटलीही गळ्यात मारावीशी वाटते. चेहऱ्यावर पुरळ आलेल्या बाईला "आधी डॉक्टरांना दाखवा" म्हणावं की क्रीम खपवावं, हा पेच कोवळ्या वयाच्या मुलीला रोज सोडवावा लागतो. पायांपेक्षा मनाला जास्त शिणवतं ते हेच.

म्हणून रुजू होण्याआधी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. यात भिडस्तपणा नको.

नेमणूकपत्र कोणाच्या नावचं? कंपनीचं, एजन्सीचं की कंत्राटदाराचं? उद्या पगार थकला, तर दार कोणाचं ठोठवायचं, ते यावरून ठरतं.

ठरलेला पगार किती आणि विक्रीवरचा 'इन्सेंटिव्ह' किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. घरखर्चाचा मेळ पगारावरच बसवा.

टेस्टर फुटला, माल कमी भरला, तर भरपाई कोण करणार? तोंडी उत्तरावर राहू नका.

भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर तो जमा होतो ना, हे मोबाईलवर पासबुकात पाहता येतं. अधूनमधून पाहत जा.

10 किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असलीच पाहिजे, असं 2013 चा कायदा सांगतो. समितीत कोण आहे, ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

आणखी एक. "घरबसल्या वितरक व्हा, आणखी चौघींना जोडा" असं कोणी म्हणालं, तर ती नोकरी नव्हे. माल विकून नव्हे, तर माणसं जोडून पैसे मिळवायच्या साखळी योजनांना थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनी बंदी घातली आहे. आधी पैसे भरा म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

इतकं पाहून घेतलं, की नोकरी वाईट नाही. मात्र लेक रात्री घरी आली, की "आज किती विकलंस?" असं विचारू नका. तो प्रश्न तिला दिवसभर पुरलेला असतो. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवायला द्या आणि जेवायला वाढा.