मशाल कोणाच्या हाती?

मोठ्या क्रीडास्पर्धेचे उद्घाटन म्हटले की मशाल आलीच. ही प्रथा प्राचीन ग्रीसपासून चालत आली, असे मुलांना सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. ऑलिंपियाच्या वेदीवर पूर्वी अग्नी तेवत असे. पण तेथून खेळाच्या मैदानापर्यंत धावकांनी मशाल हातोहात नेण्याची प्रथा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासूनची आहे.

ती पोलादी मशाल बनवली क्रुप कंपनीने, जी तोफाही बनवत असे. आरशाने सूर्यकिरण एकवटून ज्योत पेटवली गेली आणि तीन हजारांहून अधिक धावकांनी ती सात देशांतून बर्लिनला नेली. हिटलरच्या राजवटीने या सोहळ्यातून आपला डंका वाजवला. १९४१ पर्यंत त्याच वाटेवरचे ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया व ग्रीस जर्मन सैन्याच्या टाचेखाली गेले.

मग अशी प्रथा युद्धानंतर टाकून का दिली नाही? १९४८ साली लंडनने उत्तर दिले. मशाल साध्या अ‍ॅल्युमिनियमची, कमी खर्चाची केली. पहिला धावक ग्रीक सैनिक होता. त्याने शस्त्र खाली ठेवले, गणवेश उतरवला आणि मगच मशाल हाती घेतली. १९६४ साली टोकियोत अखेरची मशाल योशिनोरी साकाई या तरुणाने नेली. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, तो हिरोशिमा प्रांतात जन्मला होता.

पुढे मशालीची घडणही बोलू लागली. लंडनच्या २०१२ च्या मशालीला ८,००० छिद्रे होती, ८,००० धावकांची आठवण म्हणून. तिच्या तीन बाजूंपैकी एक अर्थ असा की लंडनमध्ये ऑलिंपिक तिसऱ्यांदा भरत होते. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकची मशाल चेरीच्या फुलासारखी होती. २०११ च्या भूकंपानंतर बेघरांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या घरांचे अ‍ॅल्युमिनियम तिच्यात वापरले होते.

आपल्या मॉरिशसने हिंदी महासागरातील बेटांच्या क्रीडास्पर्धा १९८५, २००३ व २०१९ साली भरवल्या. आपल्या मुलांना सोहळे नवे नाहीत. म्हणूनच पालकांना व शिक्षकांना आमचे सांगणे आहे : मुलांना १९३६ ची गोष्ट लपवू नका आणि १९४८ ची सांगितल्याशिवाय राहू नका. ज्योत तीच असते, पण तिचा अर्थ ती धरणारा हात ठरवतो. शाळेच्या क्रीडादिनी मशाल नेहमी सर्वांत वेगवान मुलाच्याच हाती का द्यावी? शेवटी पोहोचणाऱ्यालाही एकदा ती धरू द्यावी.