टांझनाइटचा भाव कोठे ठरावा?

टांझानियाने आपल्या टांझनाइटच्या कच्च्या खड्यांवर घातलेला निर्यातनिर्बंध मुक्त व्यापाराच्या कैवाऱ्यांना निव्वळ दुराग्रह वाटतो. मेरेलानीच्या टेकड्यांत १९६७ साली सापडलेले, आणि त्या काही किलोमीटरांच्या पट्ट्याबाहेर व्यापारास पुरेल इतके अन्यत्र कोठेही न आढळलेले हे निळे-जांभळे रत्न. २०१० साली त्याचा एक ग्रॅमहून जड कच्चा खडा परदेशी धाडण्यास त्या सरकारने मनाई केली. आक्षेपकांचे म्हणणे असे, की पैलू पाडण्यात जयपूरचा कारागीर पिढीजात निष्णात आहे, टांझानियातल्या आरुशा शहराचा नवशिका नाही. तेव्हा ज्याला जे साधते ते त्याने करावे, यातच उभयतांचे हित.

जयपूरच्या हातांची करामत कोणी नाकारीत नाही. परंतु आपण काय विकतो हे विकणाऱ्याला ठाऊक असते, असे या युक्तिवादाने गृहीत धरले आहे, आणि रत्नांच्या व्यापारात नेमके तेच खरे नसते. कच्चे टांझनाइट उजेडासमोर धरून फिरवावे, म्हणजे एका अंगाने निळे, दुसऱ्याने जांभळे, तिसऱ्याने तपकिरी दिसते. सुमारे सहाशे अंशांवर तापविले म्हणजे ती तपकिरी झाक बहुधा निघून जाते. पुढे निळे अंग दर्शनी ठेवले तर रंग उंची मिळतो पण दगड फार झिजवावा लागतो, आणि जांभळे ठेवले तर वजन वाचते पण भाव उतरतो. पोटातली चीर किती खोल गेली आहे, हे तर पुष्कळदा साणेवरच कळते. अशा जिनसेची जकात आकारणाऱ्या कारकुनाने चलनात लिहिलेल्या रकमेवर विश्वास ठेवण्यापलीकडे काय करावे? आणि माल पाठविणारा व परदेशात तो उतरवून घेणारा एकाच पेढीचे असले, तर ती रक्कम किती असावी हे ठरविणारे तरी दुसरे कोण? खडा देशात घडला की त्याचा भावही देशात उघड होतो. कारागिरांच्या रोजगारापेक्षा मी निर्बंधाच्या या फळाला अधिक मानतो.

बंदीने चोरवाटा फुटतात, हा दुसरा आक्षेप. केनियाची सरहद्द जवळ आहे, आणि खाणींभोवती सैन्याकरवी सुमारे २४ किलोमीटरांची भिंत २०१८ पर्यंत उभी करावी लागली, एवढ्यावरून चोरीचे प्रमाण ध्यानात यावे. तथापि रात्री सरहद्द ओलांडलेला खडा आणि निम्मी किंमत लिहून शिक्क्यानिशी गेलेला खडा यांत खजिन्याच्या नुकसानीपुरता भेद अंशाचाच आहे. दुसऱ्याला अब्रू असते, इतकेच.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: परदेशी गिऱ्हाइक हटले की गरीब खाणवाल्याला स्थानिक दलाल देईल तो भाव पत्करावा लागतो. म्हणूनच नुसती मनाई अपुरी. तिच्या जोडीला सरकारी देखरेखीचा खुला बाजार हवा. २०२० साली सानिनिऊ लायझर या लहान खाणवाल्याला मिळालेले दोन प्रचंड खडे सरकारने सुमारे ३४ लाख डॉलरांच्या मोबदल्यात जाहीरपणे विकत घेतले. एका भाग्यवंताच्या उदाहरणाने धोरण सिद्ध होत नाही, हे कबूल. पण माल देशाबाहेर न जाताही त्याचा भाव चारचौघांत ठरू शकतो, एवढे तरी त्याने दाखविले.

राहता राहिला आमचा प्रश्न. हिंदुस्थानने नुसता कच्चा माल पिकवून परक्यांच्या कारखान्यांना पुरवीत राहावे या व्यवस्थेवर न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अर्थशास्त्रावरील व्याख्यानात जी टीका केली, तिचा आम्ही आजही अभिमानाने उल्लेख करतो. टांझानियाच्या कच्च्या खड्यांवर ज्यांच्या साणा चालतात, ते आता आमचेच देशबांधव आहेत. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याने हिंदी कापसाविषयी जो युक्तिवाद केला असता, तोच जयपूरच्या वतीने आरुशाला ऐकविताना निदान रानड्यांचे नाव तरी आम्ही घेऊ नये.