आधी घरातला प्लग बघा!

परवा आमच्या भिशीत विषय निघाला तो स्कूटरचा. आमच्यातल्या एकीला शाळेत नोकरीला जायला आणि मुलीला क्लासला सोडायला गाडी घ्यायची आहे. घरात सगळ्यांचं एकच, “तेल भडकणार, आता इलेक्ट्रिकचेच दिवस येणार, आत्ताच घेऊन टाक!” यजमान टीव्हीवर शेअर बाजार बघतात, दीर मोबाइलवर तेलाचे भाव बघतात. पण गाडी चालवायची तिला, आणि तिला मात्र कुणी विचारलं नाही की बाई गं, तुझं रोजचं जाणं-येणं किती?

या गाड्यांचं मला वावडं नाही. धूर नाही, आवाज नाही, पंपावरची रांग नाही. पण बातम्या ऐकून गाडी घेणं काही मला पटत नाही.

तेलाचंच घ्या. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायद्याचा भाव चक्क शून्याच्या खाली गेला होता. आपल्याला पेट्रोल स्वस्त मिळालं का? छे! मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे 10 रुपयांनी वाढवला. जून 2025 मध्ये इस्रायल-इराण युद्धात तेल 80 डॉलरपर्यंत चढलं आणि युद्ध थांबताच 70 च्या खाली आलं. आपल्या पंपावरचा आकडा जवळपास होता तिथेच राहिला!

शेअरचीही तीच गत. ओला इलेक्ट्रिकचा शेअर ऑगस्ट 2024 मध्ये 76 रुपयांना विक्रीला आला. त्याच महिन्यात तो दीडशेपार गेला आणि 2025 मध्ये पन्नाशीच्या खाली आला. शेअर चढला म्हणून कुणाची बॅटरी दोन किलोमीटर जास्त चालली नाही. सरकारी सवलतीचाही भरवसा नाही. किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत मिळणारी सवलत जून 2023 मध्ये 15 टक्क्यांवर आली.

म्हणून मैत्रिणींनो, हिशेब आपला आपण करावा. रोज 20 किलोमीटर, म्हणजे कामाचे दिवस धरून महिन्याला 500. पेट्रोलची गाडी लिटरला 45 किलोमीटर देते आणि पेट्रोल 105 रुपये आहे असं धरा. खर्च साडेअकराशेच्या घरात. इलेक्ट्रिकला साधारण 20 युनिट लागतील. युनिटला 10 रुपये धरले तरी 200 रुपये. म्हणजे 900 हून जास्त वाचले. पण मंडई आणि देऊळ एवढंच जाणं असेल, महिन्याला जेमतेम 100 किलोमीटर, तर दोनशेच्या आसपास वाचतील. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक किती वर्षांत भरून निघेल, ते कागदावर मांडून बघा.

मग घरातला प्लग बघा. गाडी खाली आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल, तर चार्जिंग कुठे करणार? अर्थिंग नीट आहे का? वीज रात्री किती वेळा जाते? बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि ती लेखी आहे का? 2022 मध्ये काही गाड्यांनी पेट घेतल्यावर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. तेव्हा जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल, तर ती त्याआधीची तर नाही ना, हेही विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिघडली तर दुरुस्त कोण करणार? कोपऱ्यावरचा गॅरेजवाला पंक्चर काढून देईल, पण बॅटरीला हात लावेलच असं नाही. गाडी पंधरा दिवस जिल्ह्याच्या गावी अडकली, तर घरातल्या पुरुषांचं फारसं अडत नाही, त्यांची बाइक असते. आपल्यावर मात्र पुन्हा “मला सोडता का हो?” म्हणायची पाळी येते. स्कूटर आपण घेतो ती हेच म्हणायला लागू नये म्हणून ना?

भिशीतल्या मैत्रिणीने चौकशी केली. सर्व्हिस सेंटर 60 किलोमीटरवर. ती म्हणाली, “ते इथे येईपर्यंत थांबते.” दुसरीचं घर तळमजल्यावर, रोजची फेरी मोठी, सेंटर गावातच. तिने खुशाल घ्यावी.

तेल आणि शेअर चढतील, उतरतील. सकाळी आठ वाजता गाडी सुरू व्हायला हवी, ती आपली!