आधी खिडकीवरच्या माणसाला विचारा

केसपेपरसाठीची लांबलचक रांग आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले जुने रिपोर्ट, हे सरकारी रुग्णालयातले चित्र बदलायलाच हवे. त्यासाठी २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ या आरोग्य-ओळख क्रमांकाला आरोग्याच्या नोंदी जोडता येतात. क्यूआर कोड स्कॅन करून बाह्यरुग्ण विभागाचे टोकनही मिळते. पण रुग्णालयात कोणती यंत्रणा आणायची हे कोण ठरवते, हा कळीचा प्रश्न आहे.

ब्रिटनने २००२ मध्ये आपल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी अब्जावधी पौंडांचा संगणकीकरण कार्यक्रम हाती घेतला. निर्णय वरून आले, डॉक्टर-परिचारिकांना पुरेसे विचारले गेले नाही. २०११ मध्ये तो कार्यक्रम मोडीत काढावा लागला. आपल्याकडे यंत्रणा बंद पडण्याचा धोकाही दिसला: नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस काम पुन्हा कागदावर आले.

यातून शिकायला हवे. खरेदी समितीत निविदा तपासणाऱ्यांच्या बरोबरीने नोंदणी खिडकीवरचा कर्मचारी, वॉर्डातील परिचारिका आणि रुग्णांचा प्रतिनिधी बसला पाहिजे. नवी यंत्रणा आधी एका विभागात वापरून पाहावी. सर्व्हर बंद पडला तर काय करायचे, हे आधीच ठरवावे. नोंदी जोडण्यासाठी रुग्णाची संमती त्याला कळणाऱ्या भाषेत घ्यावी आणि स्मार्टफोन नसलेल्या आजींसाठी खिडकी उघडीच ठेवावी. रुग्णाचा हेलपाटा वाचला का, हीच खरी कसोटी.