‘एकदा तारण, कायमचं तारण’ म्हणणाऱ्यांस



‘एकदा तारण झालं की झालं, आता ते कशानेच जात नाही’ हा उपदेश हल्ली सर्रास कानावर येतो. आमचं म्हणणं उलट आहे, आणि ते आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. जाणूनबुजून पापात राहणारा आणि पश्चात्ताप साफ नाकारणारा विश्वासणारा आपलं तारण गमावू शकतो.

लगेच योहान 10:28 पुढे केलं जातं. मेंढरांना ख्रिस्ताच्या हातून कोणी हिसकावणार नाही, हे खरंच. पण आधीचं 27वं वचन का गाळता? ती मेंढरं त्याची वाणी ऐकतात, त्याच्यामागे चालतात. स्वतःच्या पायांनी उलट वाटेला लागलेल्याला तिथे कसलंही अभिवचन नाही.

मग दुसरं उत्तर येतं: ‘जो गेला तो मुळात आपला नव्हताच.’ आधार, 1 योहान 2:19. पण इब्री 10:29 मधला माणूस कराराच्या रक्ताने पवित्र झालेला आहे आणि तरी भयंकर दंडाला पात्र ठरतो. शिवाय या उत्तराने तुमची खात्री उरते कुठे? आज छातीठोकपणे ‘माझं तारण झालंय’ म्हणणारा उद्या घसरला, की तुम्हीच त्याला खोटा ठरवणार. म्हणजे आजची त्याची खात्रीही पोकळच होती!

कॅल्व्हिनचं नाव घेणाऱ्यांनी त्याच्याच परंपरेतल्या डॉर्टच्या धर्मसभेचे (1618-19) ठराव वाचावेत. खरे विश्वासणारे शेवटी टिकतात असं ती म्हणते, तिथे आमचा तिच्याशी मतभेद आहे. पण दावीद आणि पेत्र यांची नावं घेऊन गंभीर पापाने मरणाचा दोष लागतो हेही तीच सांगते, आणि देव आपल्या लोकांना इशाऱ्यांनी व धमक्यांनीही टिकवतो असं मानते. तुम्ही तिचा दिलासा उचलला, धमक्या तिथेच ठेवल्या.

कोणी घाबरून जाऊ नये. दारू सोडतो, पुन्हा पितो, रडत गुडघे टेकतो, त्याच्याविषयी हे पत्रक नाही. तो झगडतोय. हे त्याच्याविषयी आहे, ज्याने बहिणींना फसवून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या, सातबाऱ्यावरून त्यांची नावं उडवली आणि वर्षानुवर्षं निवांत प्रभुभोजन घेतो. पाळकसाहेबांनी विषय काढलाच, तर आपल्या तारणाची तारीख सांगतो. जक्कय मात्र लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणाला, तेव्हा प्रभूने त्याच्या घरी तारण आल्याचं सांगितलं.

करिंथच्या मंडळीत बापाच्या बायकोला ठेवणारा एक जण होता. पौलाने त्याला बाहेर काढायला लावलं, तेही त्याचा आत्मा तारला जावा म्हणून. दुसऱ्या पत्रात शिक्षा झालेल्या एकाला क्षमा करून जवळ घ्या असं तो लिहितो. बहुधा हाच तो. ज्या मंडळीत कोणाला काही विचारतच नाहीत, तिथे अशी परतण्याची वाटही राहत नाही.

आमची मागणी एवढीच आहे. पुढच्या प्रभुभोजनाआधी इब्री 10:26-31 वेदीवरून मोठ्याने वाचलं जावं, त्यावर पूर्ण उपदेश व्हावा, आणि ज्यांची प्रकरणं गावाला ठाऊक आहेत त्यांच्या घरी पंचांनी आधी जाऊन यावं, मग तो वर्गणीत सगळ्यात मोठा आकडा घालणारा का असेना.