सर्वांना वाचता येईल असे पत्र

जयसिंगपूरचे रस्ते तुम्ही पाहिले आहेत काय? ते सरळ आणि आखीव आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी हे गाव वसवले व आपले जन्मदाते वडील जयसिंगराव यांचे नाव त्याला दिले. अशा गावात नवखा माणूसही सहसा वाट चुकत नाही. आपण पाठवतो ते ई-मेलही असेच सरळ असावे, असे मला वाटते.

तुम्ही म्हणाल, "ई-मेल वाचण्यात कसली अडचण?" समजा, या गावातील दहावीच्या एका मुलीला शिष्यवृत्तीची सूचना ई-मेलने आली. तिला डोळ्यांनी दिसत नाही. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावली तिच्या संगणकात आहे. ती ऐकून ही मुलगी अभ्यास करते. एन.व्ही.डी.ए. ही अशीच एक आज्ञावली. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली ती तयार करायला घेतली. ती विनामूल्य मिळते.

पण ती सूचना म्हणजे कागदाचा फोटो निघाला! मुलीला फक्त 'चित्र' एवढेच ऐकू आले. फोटोतली अक्षरे ओळखणारी साधने आता आहेत, पण पुसट अक्षरांपुढे तीही चुकतात. शेवटी अर्जाची मुदत टळली. आता सांगा, दोष तिच्या डोळ्यांचा की त्या पत्राचा? मी तर पत्राचाच म्हणेन.

आपल्या भाषांत ही चूक फार होते. उर्दू सूचना पुष्कळदा चित्र करूनच पाठवतात. जुन्या पद्धतीच्या फाँटमधील मराठी मजकूर डोळ्यांना नीट दिसतो, पण संगणक तो निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा वाचतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टाईप करावा.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. पत्राचा विषय स्पष्ट लिहा. चित्र जोडले तर त्यात काय आहे ते दोन ओळींत सांगा. 'लाल अक्षरांतील तारखा पाहा' असे लिहू नका, कारण काहींना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. नुसते 'येथे दाबा' न लिहिता 'शिष्यवृत्तीचा अर्ज' असे लिहा. चित्रफीत पाठवली तर त्यातील बोलणे लिहून द्या, म्हणजे ऐकू न येणाऱ्यालाही ते कळेल.

कोणी म्हणेल, "आमच्या ओळखीत अंध कोणी नाही. मग हा खटाटोप कशाला?" पण आपले पत्र पुढे कोणाकोणाच्या हाती जाईल, हे आपल्याला कोठे ठाऊक असते? २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. शिवाय मोतीबिंदू झालेल्या दादीजानलाही असे पत्र ऐकता येईल. आणि ही काही मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हा हक्कच मानला आहे.

शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. शाळेचे दार सर्वांसाठी उघडले. पत्राचे दार आपण का बंद ठेवावे? पुढचे पत्र पाठवण्यापूर्वी एक करा. मोबाइलला ते मोठ्याने वाचायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. तुम्हाला सारे समजले, तरच पाठवा.